देव्हाऱ्यातली बाटली

छातीत कळ घेऊन माणूस दारात आला, की गांगल डॉक्टर आधी मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "सिस्टर, मला भीती वाटतेय." नातेवाइकांना ऐकू जाऊ नये, पण मला मात्र नक्की ऐकू यावं, असा तो आवाज असायचा. मग ते पेशंटकडे वळायचे. मी त्यांच्याकडे चौदा वर्षं नोकरी केली. हा क्रम चुकलेला मला आठवत नाही.

नोकरी नवी होती तेव्हा हे पहिल्यांदा ऐकलं. अलिबागला नर्सिंग शिकताना मी ओरडणारे डॉक्टर पाहिले होते, ट्रे भिरकावणारे पाहिले होते, पेशंट गेल्यावर शांतपणे चहा मागवणारेही पाहिले होते. आपण भितो असं तोंडाने सांगणारा हा पहिलाच. त्या संध्याकाळी नाते गावी घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, की या दवाखान्यात काही आपलं जमायचं नाही, डॉक्टरच घाबरट आहे. आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, पगार तर वेळेवर देतो ना, मग भिऊ दे की त्याला.

उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशाला कायम निळा डाग, कारण पेनाचं टोपण लावायचं लक्षात राहायचं नाही. हात थरथरायचे, म्हणून औषधाच्या बाटलीचं सील मी फोडून द्यायची. शीर मात्र त्यांना पहिल्या टोचणीत सापडायची. घड्याळ माझ्याकडे देण्याचं कारण असं, की पेशंट दारात आल्यापासूनची मिनिटं आणि सुई लागल्यावर दर पाच मिनिटांचा रक्तदाब मी मोठ्याने सांगत राहायचं. "घाबरायचं, सिस्टर, त्यात काही गैर नाही. पण घड्याळ बघत घाबरायचं," असं ते म्हणत.

भिण्यासारखं होतंच. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत आमचा बारा खाटांचा दवाखाना, त्यात एक कार्डिओग्रामचं मशीन आणि मनाला येईल तेव्हा चालणारा एक मॉनिटर. पोलादपूर, वरंध, शिवथर, सगळीकडचे पेशंट आमच्याकडे उतरायचे. मुंबईला न्या, असं म्हणायला एक मिनिट लागतं. तेव्हाच्या हायवेने न्यायला पाच-सहा तास लागत, आणि हार्ट अटॅकचा माणूस तेवढी वाट पाहत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी बसलेली असते. ती विरघळवायचं औषध लवकर गेलं तर हृदय वाचतं, उशिरा गेलं तर माणूस वाचूनही अर्धा उरतो.

ही औषधं दोन होती. एक स्ट्रेप्टोकायनेज. छोट्या काचेच्या बाटलीत पांढरी पूड, ती सलाइनमध्ये घालून तासभर सोडायची. आम्ही तिला स्वस्तातली बाटली म्हणायचो. दुसरी टीपीएची, ती महागातली. स्वस्तातलीची अडचण अशी, की ती माणसाला एकदाच द्यायची. शरीर तिला शत्रू म्हणून ओळखून ठेवतं. पुन्हा दिली तर लागू पडत नाही, आणि एखाद्याचं अंग सुजून, दाब कोसळून तो हातातून जातो. महागातली पुन्हा देता येते, पण वय झालेला, हडकुळा, दाब चढलेला माणूस असेल तर डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती तिच्यात जरा जास्त. या दोन्हींतली कुठली उचलायची, हे डॉक्टरांना काही मिनिटांत ठरवावं लागायचं. "दोन्ही बाटल्या माणूस वाचवतात आणि दोन्ही मारतात. चूक बाटलीची कधीच नसते," हे त्यांचं आणखी एक वाक्य.

बाजारपेठेतल्या एका शेठजींना कळ आली, तेव्हा त्यांच्या मुलांनी महागातलीच द्या म्हणून हट्ट धरला. शेठजी सत्तरीचे, दाब चढलेला. डॉक्टरांनी सरळ स्वस्तातली दिली. शेठजी आठव्या दिवशी घरी गेले आणि गांगलांनी आपल्याला गरिबाचं औषध दिलं, असं दुकानोदुकानी सांगत सुटले. मी चिडून ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "दुकानोदुकानी सांगतायत? म्हणजे चालतायत. दम लागतो का, तेवढं विचारून या."

मला भीती कशाला ऐकवता, असं मी एकदा वैतागून विचारलं होतं. दुपार होती, ओपीडी रिकामी होती. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पोलादपूरच्या शिंदे गुरुजींची हकिगत सांगितली. मी नोकरीला लागण्याच्या दोन वर्षं आधीची. गुरुजींना अटॅक आला, बायकोने जीपमधून आणलं. आधी मुंबईत मुलाकडे असताना असाच त्रास झाला होता आणि तिथे इंजेक्शन दिलं होतं, एवढंच तिला माहीत होतं. कसलं इंजेक्शन, ते तिला सांगता येईना. कागद पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा गेले होते. डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली, की साधं कळ थांबवायचं इंजेक्शन असेल. त्यांनी स्वस्तातली बाटली लावली. दहा मिनिटांत गुरुजींचा चेहरा सुजला, श्वास अडकला, दाब लागेना. त्यांची बायको दाराशी पिशवी धरून उभी होती. "तिला मी म्हटलं, अटॅक मोठा होता. ते खोटं नव्हतं, सिस्टर, पण खरंही नव्हतं," एवढं बोलून डॉक्टर उठून गेले. तो विषय त्यांनी माझ्याशी पुन्हा काढला नाही.

त्यांची ती सगळ्या तालुक्याला ठाऊक असलेली पद्धत तिथूनच निघाली. आमच्याकडे कागद टिकत नाहीत. सावित्री नदीचं पाणी चढलं की बाजारपेठेतल्या कपाटांचा चिखल होतो, तिथे वाडीवरच्या पत्र्याच्या पेटीचं काय सांगायचं? पण देव्हाऱ्यातली वस्तू कोणी टाकत नाही. पुरात घर सोडायची वेळ आली तर माणसं आधी देव उचलतात. म्हणून ज्याला स्वस्तातली बाटली दिली असेल, त्याला घरी सोडताना डॉक्टर ती रिकामी बाटली धुऊन, चिकटपट्टीवर नाव आणि तारीख घालून हातात द्यायचे. ही देव्हाऱ्यात ठेवायची. पुन्हा छातीत दुखलं तर पेशंटबरोबर ही आलीच पाहिजे, मग तो पेशंट कुठल्याही डॉक्टरकडे जावो. आमच्या बौद्धवाडीतल्या दोघांकडे बाटल्या होत्या, त्या बुद्धांच्या तसबिरीमागे असायच्या. मुसलमान मोहल्ल्यातल्या एका चाचांनी ती कुराणाच्या फळीवर ठेवली होती. सुरुवातीला मला हसू यायचं. पण छातीत दुखणारा कोणीही आला, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न "बाटली आहे का?" हाच असायचा, आणि चार-पाच वेळा तरी कोणीतरी पदराच्या गाठीतून ती काढून दिली. त्या प्रत्येकाला डॉक्टरांनी महागातली दिली. त्यातले तिघे अजून आहेत.

शिवथरकडची सुभद्रा आली ती शिमग्याच्या दिवसांत. दुपारचं ऊन, जीपच्या मागच्या फळीवर नवऱ्याला आडवं घातलेलं. नवरा काशिराम, पंचेचाळिशीचा, मुंबईत वॉचमन. पालखी नाचवायला गावी आला होता आणि पालखीखालीच बसला. रंग राखेसारखा, घामाने सदरा चिकटलेला, बोलायची शुद्ध नाही. कार्डिओग्रामच्या पट्टीवर मोठा अटॅक सरळ दिसत होता. कळ सुरू होऊन तीन तास झाले होते. डॉक्टरांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, नेहमीचं वाक्य हळूच म्हटलं आणि वळून विचारलं, बाटली आहे का?

सुभद्राने लाल फडक्यातून बाटली काढली. हळदीकुंकवाने माखलेली, काच मात्र लख्ख. चिकटपट्टीचा मागमूस नव्हता. रोज देवांबरोबर तिलाही आंघोळ घालत होते, त्यात नाव केव्हाच धुऊन गेलं होतं. आधी झालंय का, डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, झालंय. कधी? दोन वर्षं झाली. इथेच? इथंच. डॉक्टर काशिरामकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, की चेहरा ओळखीचा वाटतोय. त्या सुमाराला मी बाळंतपणाच्या रजेवर होते, मला काहीच सांगता येईना. त्या वर्षीचं रजिस्टर पुढच्याच पावसाळ्यात भिजून गेलं होतं.

आणि महागातली बाटली फ्रिजमध्ये नव्हती. चार दिवसांपूर्वी वापरली होती. पनवेलला फोन केला तर संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणाले. हातात होती ती स्वस्तातली. ही बाटली काशिरामचीच असेल, तर ते औषध त्याला गुरुजींच्या वाटेने नेणार होतं. त्याची नसेल आणि आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो, तर थांबल्यानेच तो जाणार होता. मी मिनिटं सांगत होते. आठ. बारा. पंधरा. माझा स्वतःचा आवाज मला परका वाटत होता. सुभद्राची तुटक उत्तरं मला पटत नव्हती, पण ती खोटं का बोलेल, हेही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. सगळा वॉर्ड बघत होता. पहिल्यांदाच त्यांनी ते वाक्य मोठ्याने उच्चारलं.

"ताई, मला भीती वाटतेय. याच खाटेवर माझ्या हातून एक माणूस गेलाय. पोलादपूरचे गुरुजी होते. हे औषध त्यांना आधी दिलेलं होतं, मला ते कळलं नाही आणि मी पुन्हा दिलं. तुमच्या माणसाचं मला तसं करायचं नाहीये. ही बाटली त्यांची नसली, तरी मी त्यांना बाहेर काढणार नाही. जे असेल ते सांगा."

सुभद्राने काशिरामकडे पाहिलं. मग ती खाली बसली.

"थोरल्या भावजींची हाय ती. ह्यांची नाय. ह्यांना कदी काय झालाच नव्हता. बाटली दाखवली का डाक्तर बिगीन हात लावतात, असा आमच्या वाडीत बोलतात. म्हनून देवातली उचलली मी."

भावाभावांचे चेहरे सारखे होते, म्हणून डॉक्टरांना ओळखीचं वाटलं होतं. त्यांनी तिला तेच आणखी दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळले. मी हळूच म्हटलं, की आता तरी ती खरं बोलतेय कशावरून? ते म्हणाले, "कशावरूनच नाही. पण मघाशी ती माझ्याकडे बघून बोलत होती, आता त्याच्याकडे बघतेय. किती झाली?"

बावीस, मी सांगितलं. त्यांनी स्वस्तातली बाटली माझ्यापुढे धरली आणि मी तिचं सील फोडलं.

त्या एका तासाबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. दाब एकशे दहा होता, मग नव्वद झाला, मग सत्तर. आम्ही पायांखाली उशा सरकवल्या, औषधाच्या सलाइनची धार कमी केली. मी पुन्हा पुन्हा काशिरामच्या ओठांकडे आणि पापण्यांकडे बघत होते, सूज चढतेय का म्हणून. प्रत्येक वेळी ती चढल्यासारखी वाटायची. चाळिसाव्या मिनिटाला मॉनिटरवरचे ठोके वेडेवाकडे पळाले आणि डॉक्टरांनी खाटेची दांडी धरली. मग ठोके आपसूक सरळ झाले. दाब शंभरावर आला. तास संपायच्या आत काशिरामने डोळे उघडले आणि पालखी कुठवर गेली म्हणून विचारलं. सुभद्रा हसली नाही की रडली नाही, ती तिथेच भिंतीला टेकून झोपली. डॉक्टर मागच्या पायरीवर जाऊन ओकले. मी घड्याळ इतकं आवळून धरलं होतं की पट्ट्याचं बक्कल तळहातात उमटलं होतं.

गुरुजींची गोष्ट दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत पोचली. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणे, अशी चर्चा दोन महिने चालली. ओपीडी निम्म्यावर आली. पोलादपूरहून गुरुजींच्या घरचं कोणीतरी येईल म्हणून मी रोज दाराकडे बघायची. डॉक्टरही बघत असावेत, कारण दारात पोलादपूरची जीप थांबली की त्यांचं लिहिणं थांबायचं. कोणी आलं नाही. हळूहळू पेशंट परत आले. मी मात्र तेव्हापासून बाटली देताना प्रत्येक घराला बजावायला लागले, की पूजा हवी तर करा, पण धुऊ नका.

पुढे चार-पाच वर्षांनी, सकाळी ओपीडी उघडायच्या वेळी, डॉक्टर स्वतः दवाखान्याच्या दारात आले ते भिंत धरून. घर मागेच होतं, तेवढ्या अंतरात सदरा भिजला होता. त्यांचा उजवा हात घड्याळाकडे गेला, पण बक्कल सुटेना. मी ते सोडवलं. ते काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत ते नेहमीचं वाक्य होतं, आणि ते न बोलता आल्यामुळे मी जन्मात भ्याले नव्हते तेवढी भ्याले.

तेव्हा आमच्याकडे देवधर मॅडम दुसऱ्या डॉक्टर म्हणून होत्या. तिशीच्या, हुशार, स्थिर हाताच्या. पट्टी बघून त्यांनी मोठा अटॅक आहे म्हणून सांगितलं. दाब एकशे ऐंशी. फ्रिजमध्ये दोन्ही बाटल्या होत्या. सदुसष्ट वय, हडकुळं अंग, चढलेला दाब, अशा माणसाला डॉक्टरांनी स्वतः महागातली कधी दिली नसती. दाबाची गोळी देऊन, तो जरा उतरला की स्वस्तातली लावायची, असं मॅडमनी ठरवलं आणि मी ती काढली.

तेवढ्यात वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, धावत आल्या. त्यांच्या मुठीत बाटली होती. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. "ही आमच्या देव्हाऱ्यात असते. रोज सकाळी पूजा झाली की हातात घेतात. मला कधी काही सांगितलं नाही त्यांनी. त्यांना आधी होऊन गेलं असणार आणि माझ्यापासून लपवलं असणार." मॅडमचा हात माझ्या हातावर आला. स्वस्तातली परत फ्रिजमध्ये गेली आणि महागातलीचं खोकं बाहेर आलं. दुसरं काय करणार? बाटली आली की महागातली, हे डॉक्टरांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला तर, हे मॅडमच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

मी वहिनींच्या मुठीतून बाटली घेतली. खूप जुनी, बुचाचं रबर तडकलेलं. तिच्यावर चिकटपट्टी होती. पिवळी पडलेली, पण जागेवर. या घरात तिला कोणी आंघोळ घातली नव्हती. पट्टीवर डॉक्टरांचं थरथरतं अक्षर होतं. शिंदे गुरुजी, पोलादपूर. आणि त्याखाली एकच शब्द. दुसऱ्यांदा.

मी मॅडमना थांबवलं. तरीही खात्री कशी धरायची? गुरुजींची बाटली घरात आहे, म्हणजे यांना स्वतःला कधी दिलंच नाही, असं थोडंच होतं? मी बाटली डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे धरली, वाकले आणि मोठ्याने विचारलं, "सर, ही कुणाची?"

"गुरुजींची," ते म्हणाले. "माझी नाही. मला कधीच नाही." मग त्यांचे डोळे माझ्या हातातल्या घड्याळाकडे गेले. "किती झाली?"

एकोणीस, मी सांगितलं. दाब तोवर उतरायला लागला होता. मॅडमनी महागातलीचं खोकं परत ठेवलं.

तो तास मी उभ्याने काढला आणि दर पाच मिनिटांनी आकडा सांगितला, जरी तो ऐकणारा माणूस या वेळी खाटेवर होता. एकदा दाब ऐंशीवर आला तेव्हा मी आकडा सांगायची थांबले. त्यांनी डोळे न उघडता बोट हलवलं, पुढे सांगा म्हणून. दुपारी त्यांच्या छातीतली कळ गेली. वहिनी त्यांच्या पायाशी बसून होत्या आणि ती जुनी बाटली कुठे ठेवायची, ते त्यांना कळत नव्हतं.

महिनाभराने मी डॉक्टरांची बाटली घेऊन त्यांच्या घरी गेले. पट्टीवर नाव, तारीख. त्यांनी ती देव्हाऱ्यात गुरुजींच्या बाटलीशेजारी ठेवली. हात तसाच थरथरत होता. मी विचारलं, गुरुजींची ही बाटली इतकी वर्षं इथे होती, सांगितलं का नाही? ते म्हणाले, "मुठीत धरल्याशिवाय ओपीडीत यायचं धाडस होत नसे, सिस्टर. हे काय सांगण्यासारखं आहे?"

दवाखाना त्यांनी मॅडमकडे सोपवला आणि पुण्याला मुलीकडे गेले. तिथे तीन वर्षं बरी गेली. दुसऱ्या अटॅकच्या वेळी वहिनींनी तिथल्या डॉक्टरांपुढे आधी बाटली ठेवली, सरांचीच, नाव वाचून घेतलेली. योग्य ते औषध मिळालं, तरी ते गेले. वहिनी दिवस झाल्यावर महाडला आल्या तेव्हा त्यांनी मला डॉक्टरांचं घड्याळ दिलं, आणि गुरुजींची ती दुसरी बाटलीही माझ्याच हातात ठेवली. ही मुलीच्या देव्हाऱ्यात कशी ठेवू, असं म्हणाल्या.

मी अजूनही कामावर जाते. गुरुजींची बाटली आमच्या घरी बुद्धांच्या तसबिरीमागे आहे. सकाळी निघताना ती मी एकदा हातात घेते. धूळ पुसते, पण धूत नाही.